वर काहीच नाही

स्कूटी लेआउटच्या कच्च्या रस्त्यावर थांबली तेव्हाच रुपरावनं ओळखलं. माणूस आलं. नकाशा मंजूर करणाऱ्या ऑफिसचंच.

दुपट्ट्यानं तोंड गच्च बांधलेली पोरगी, फक्त डोळे उघडे. अकराचं ऊन, झाड औषधाला नाही, तरी तिनं दुपट्टा सोडला नाही. उद्या तक्रार झाली तर कोण आली होती ते सांगता येऊ नये, एवढी अक्कल या लोकांना असतेच. त्यातून रविवार. रविवारी येणारा सरकारच्या कामाला येत नाही, स्वतःच्या येतो.

"रुपराव काकांचा प्लॉट हाच ना?"

काका. एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हरकी केलेल्या रुपरावला ठाऊक होतं, की ऑफिसातला माणूस काका म्हणाला की पाठीमागे सुरी असते.

निवृत्तीचा सगळा पैसा या हजार फुटांत गाडलेला. पोरगा पिंटू बुटीबोरीच्या कारखान्यात, तिशीला टेकलेला. घर नाही म्हणून लग्नाची दोन ठिकाणं मोडली होती. आता तिसरं, मौद्याचं. बायको गोपिका आणि पिंटू मुलगी पाहून आले, तेव्हा रुपराव बांधकामाच्या याच फायलीपायी इथं अडकला होता. पोरगी, मिनल, दोघांनाही पसंत. पण तिच्या बापानं साफ सांगितलं, भाड्याच्या घरात देत नाही. बांधकामाची परवानगी दाखवा, मग बोलू.

नकाशात दोनच खोल्या होत्या. वरचा मजला, पिंटूसाठी, मागाहून गुपचूप चढवायचा. फाईल करून देणारा शालिकराम म्हणाला होता, कोणी विचारलंच तर वरच्या मजल्याचं नाव काढू नका.

पोरगी प्लॉटभर फिरली. पावलं मोजली. पाणी नळाचं की बोअरचं ते विचारलं. किचनला खिडकी ठेवणार का, तेही विचारलं. किचनच्या खिडकीशी ऑफिसला काय करायचं? पण हे लोक असेच खिडकीतून आत शिरतात. रुपराव मोजून मापून उत्तरं देत राहिला.

"वर किती खोल्या काढता?"

आली. मुद्द्यावर आली.

"वर काईच नाही. वर पत्रे."

"मग राहणार कोण कोण इथं?"

"मी अन् बुढी."

"आणि मुलगा?"

मुलगा आहे हेही काढून आली बया. बाजूच्या प्लॉटवाल्यानंच चुगली केली असणार. मुलगा म्हटला की सून आली, सून म्हटली की खोली आली, खोली म्हटली की मजला. दोरा इथंच तोडायला हवा होता.

"त्याचं नाव नका काढू म्याडम. दारू पेते तो. मीच घराबाहेर हाकलला त्याले. त्याच्यासाठी खोली काहून काढू?"

पिंटूनं उभ्या जन्मात सुपारीसुद्धा चघळली नव्हती.

रुपरावला वाटलं, अजून पटलं नाही. त्यानं आणखी एक खिळा ठोकला.

"लगनाचं तर नावच नाही. कोणाच्या पोरीचं वाटोळं काहून करू?"

"खरं सांगून दिलं काका, बरं झालं," ती हळू म्हणाली आणि स्कूटी वळवून गेली. चहा नाही, पाणी नाही, काही मागणं नाही. रुपराव दोन दिवस नीट जेवला नाही. न मागता जाणारे नंतर दुप्पट मागतात.

बुधवारी शालिकराम कागद घेऊनच आला. परवानगी. सही, शिक्का, सगळं.

"त्या म्याडमले असं गुंडाळलं ना मी," रुपराव म्हणाला.

"कोणती म्याडम? एवढ्याशा प्लॉटले पाहाले कोणी येत नाही, भाऊ."

रुपराव मनात हसला. तिचं नाव लपवून राहिला बेटा. दोघांचं साटंलोटं असणार.

पेढे घेऊन तो महाल वस्तीतल्या भाड्याच्या खोल्यांवर आला. गोपिका फोन मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होती. त्यानं कागद तिच्यापुढे धरला.

"लाव वं मौद्याले फोन."

"त्यायचाच येऊन गेला," गोपिका कागदाकडे न पाहता म्हणाली. "रविवारी मिनल एकटीच प्लॉट पाहून गेली म्हणते. तुमच्याशी बोलून."