शेपटीवाले ठिपके

हे वहीत लिहायचंच नाही, असं त्याचं जवळजवळ ठरलं होतं. पेनाला टोपणसुद्धा लावून झालं होतं.

सकाळी ठिपके मोजणाऱ्या मशीनने आकडा दिला. लसीच्या चाचणीतल्या सतरा नंबरच्या माणसाच्या रक्तात दोनशे बारा ठिपके. इतके आजवर कुणाचेच आले नव्हते. निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठुंगळीला हिवतापाच्या जंतूचा एक तुकडा बांधायचा, दंडात टोचायचा, आणि रक्तातल्या पेशी त्या तुकड्याला ओळखायला शिकल्या का ते बघायचं. ओळखणारी प्रत्येक पेशी प्लेटमध्ये एक निळा ठिपका सोडते. लॅबच्या बाई आकडा बघून म्हणाल्या, "चला, चार वर्षांनी नेम लागला," आणि वर कळवायला फोनकडे गेल्या.

त्याने उगीच प्लेट भिंगाखाली धरली. ठिपक्यांना शेपट्या होत्या. सगळ्या एकाच दिशेला.

प्लेट उबेच्या कपाटात ठेवली की अठरा तास हलता कामा नये. हलली की पेशी घसरतात आणि एकीच्या दोन खुणा उमटतात. काल दुसरा ट्रे मावेना म्हणून त्यानेच ती सरकवली होती. बोटभर.

सतरा नंबर बाहेर बाकावर बसला होता. त्याचा शाळेपासूनचा मित्र, बसडेपोत मेकॅनिक. सुई बघितली की घाम फुटणारा. त्याच्या धाकट्या पोरीला वर्षात तीनदा हिवताप झाला, तेव्हा यानेच येऊन लसीच्या चाचणीत नाव दिलं होतं.

"काय रे, पास का नापास?"

"प्लेट हलली. माझ्या हातून. आकडा खोटा आहे."

"कुणी बघितलं?"

"कुणीच नाही."

मित्र हाताच्या रेषांतलं काळं ऑइल नखाने खरवडत बसला. मग म्हणाला, "पोरगी रोज विचारते, बाबा, तुमच्या रक्तातले शिपाई जागे झाले का. तिला काय सांगू, तूच सांग."

तो आत गेला. टोपण काढलं. 'प्लेट मी सरकवली. निकाल रद्द.' वही घेऊन तडक बाईंसमोर उभा राहिला.

"बाई, फोन ठेवा."

बाईंनी वाचलं. फोन ठेवला. मग एवढंच म्हणाल्या, "पुन्हा रक्त लागेल. देईल का तो?"

तो बाहेर आला तेव्हा मित्राने बाही वर सरकवली होती आणि तोंड भिंतीकडे केलं होतं.

"इतकं रक्त आमच्या साहेबानेपण प्यायलं नाही," मित्र भिंतीला म्हणाला. "काढ लवकर."

"ह्या वेळी प्लेट ठेवली की कपाटाला पाठ लावून बसतो. अठरा तास. दाराला कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा नाही. आणि शून्य आलं, तरी घरी येऊन तुझ्या पोरीला मीच सांगेन."