अक्काची पंगत

अर्ध्या भाकरीवर राहून पार्वतक्कानं वजन असं उतरवलं की सास्तूरच्या बायका तिला रस्त्यात अडवून विचारायच्या. "तोंडाला कुलूप लावायचं, दुसरं काय न्हाय!" हे तिचं ठरलेलं उत्तर. चरबीबरोबर मांड्यांतलं मांसही झडलंय आणि शरीर आता अर्ध्या भाकरीतच भागवायला शिकलंय, तेव्हा नीट जेवा, पायांना व्यायाम द्या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. ते मात्र अक्कानं कुणाला कळू दिलं नव्हतं. घरी ती पलंगावरच बसायची, अगदी जेवायलासुद्धा.

पुतणीच्या लग्नात पंगत जमिनीवर बसली आणि थोरली म्हणून अक्काला मधोमध बसवलं. गूळ घातलेली गव्हाची खीर, हुग्गी, आली तेव्हा तिनं ऐटीत पानावर हात आडवा धरला.

थोरलं माणूस उठल्याशिवाय पंगत उठवायची नाही, ही त्या घरची रीत. सगळ्यांची पानं रिकामी झाली, बोटांवरचं वरण वाळलं, पुढच्या पंगतीची माणसं दारात येऊन ताटकळली. अक्कानं हळूच दोन्ही हात जमिनीला टेकून जोर लावला. पुन्हा लावला. मांड्यांत जीवच नव्हता.

"अक्का, उठता न्हवं?" सून महेश्वरीनं वाकून विचारलं. अख्खी पंगत अक्काकडं बघत होती.



"थांब गं," अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हुग्गी लई झाक झालीय म्हणं, दोन पळ्या वाढायला सांग."