सात नंबरवर दोघे

“या... या... या... या...”

नवे साउंड कार्ड बसवलेल्या संगणकातून मंजुळाचा आवाज तेवढाच परत परत येत होता. पुढचे ‘बसा’ काही येईना.

“तुझ्या आजीला हा दारातच उभी ठेवणार!” गोपीनाथ म्हणाला. क्लासमधली सगळी मुले खिदळली.

मंजुळाला हसू येईना. दगडाबाईने, तिच्या आजीने, सकाळीच बजावले होते, “सांच्याला येऊन बघीन. काय शिकतेस ते दिसलं तर बरं. नायतर उद्यापासून शाळा सुटली की बाजारात माझ्या शेजारी बसाचं.”

“सर, काल खोपटच्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा आवाज भरला तेव्हा हेच कार्ड नीट वाजलेलं.”

शिवरामसर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. “मग दुकानातल्या मशीनला काय नव्हतं, जे आपल्याला आहे?”

संगणकाचे झाकण उघडेच होते. मंजुळा आत बघत राहिली.

“प्रिंटर! त्याचं कार्ड काढून टाकू?”

“आणि आज क्लास बघायला येणाऱ्या पाहुण्यांची नावं कोण छापणार? गोपीनाथ?”

आता मंजुळाही हसली.

“प्रत्येक कार्डाला एक नंबर असतो,” सर म्हणाले. “काम पडलं की त्या नंबरवरून ते मशीनला हाक मारतं. प्रिंटरचा नंबर सात. नव्या कार्डावर ही काळी टोपी आहे ना, ती कुठे बसलीय बघ.”

“सातवरच!”

“म्हणजे हाक कोणाची, ते मशीनला कळत नाही. खाडीत तुमचं जाळं लागतं, तिथंच दुसऱ्या कुणी आपल्या जाळ्याचा खुंट रोवला तर?”

“आजी त्याला शिव्या घालेल.”

“आणि शिव्या खाऊन झाल्यावर?”

“तो पुढची मोकळी जागा बघेल.” ती कार्डावर वाकली. “सर, पाचवर कोण आहे?”

“कोणी नाही.”

वीज बंद करून मंजुळाने ती नखाएवढी टोपी चिमट्याने उपसली आणि पाचवर बसवली. मशीन सुरू झाल्यावर त्यालाही नवा नंबर सांगितला. तेवढ्यात दारात दगडाबाई येऊन उभी राहिली. काखेत मासळीची रिकामी टोपली.

मंजुळाने बटण दाबले.

“या, बसा. आजी, दमलीस काय गो?”

“दमनार नाय त काय!” दगडाबाई स्पीकरला म्हणाली. बाजूला प्रिंटर करकरत तिचेच नाव कागदावर उमटवत होता. तिने एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले.

“दोगं एका टायमाला?”

“हो. एकाला मोकळ्या जागेवर सरकवला.”

आजीला बसायला द्यावे म्हणून मंजुळा खुर्चीवरून उठू लागली. दगडाबाईने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवले.

“उठू नको. ती तुजी जागा.”

आणि टोपली उपडी घालून ती नातीच्या शेजारी बसली.