फक्त सभासदांसाठी

सोपानरावांनी आपल्या वधूवर मंडळाची वेबसाइट उघडली आणि स्क्रीन हनुमंताकडे वळवली. त्याच्या मुलीचा, प्रतीक्षाचा फोटो, मोबाइल नंबर, कार्ल्याच्या घराचा पत्ता, सगळं लग्नपत्रिकेसारखं ठळक.

"आदी ते काढा," हनुमंता म्हणाला. "नकार कळवला तरी त्यो पोरगा रोज दारासमोर गाडी लावून उबा ऱ्हातोय. पोरीला घराभाईर पडायची चोरी झालीया."

"पण भाऊ, माहिती फक्त सभासदांनाच दिसते. बाहेरच्याला पासवर्डच नाही."

"त्यो सभासदच हाय."

सोपानरावांकडे फी भरली की माणूस सभासद. तो कोण, कुठला, हे विचारायची पद्धत नव्हती. मुलींना विचारायची तर नव्हतीच. प्रतीक्षाचा बायोडाटा खुद्द हनुमंतानेच हौसेने भरून दिला होता, एकही रकाना रिकामा न ठेवता. रिकाम्या रकान्याला लोक नावं ठेवतात.

सोपानरावांनी फोटो काढला, नंबर काढला, पत्ता काढला. हनुमंताचा जीव जरा भांड्यात पडला. पोरीला त्याने सकाळीच आजोळी धाडलं होतं. मेव्हण्याला खरं कारण मात्र सांगितलं नव्हतं. सासुरवाडीत कशाला शोभा? भातकापणीला हाताखाली येईल, एवढंच म्हणाला होता.

"झालं," सोपानराव म्हणाले. "चहा सांगू?"

हनुमंता स्क्रीनकडेच बघत होता. खाली एक ओळ उरली होती. मामांचे नाव, गाव: दत्तोबा मानकर, औंढे, मारुतीच्या देवळामागे.

"हे बी दिसत व्हतं?"

"मामाकुळ नको का? त्याशिवाय स्थळ कोण बघतंय?" सोपानरावांनी तीही ओळ पुसली. मग खाली मान घालून म्हणाले, "पण ज्यानं वाचलंय त्याच्या डोक्यातनं कसं पुसू, भाऊ?"

हनुमंताने मेव्हण्याला फोन लावला.

"दाजी, तुमचीच आटवण काढत व्हतो," दत्तोबा खुशीत होता. "तुमच्याकडचं पाव्हणं आलंय. नाव-गाव समदं बरोबर सांगतंय. मला मामा म्हणूनच हाक मारली."

"दत्तोबा, आदी माजं ऐक."

"ऐकतो की. पडवीत बसवलंय त्याला. प्रतीक्षा पाणी घिऊन गेलीया."