मिस्त्रींच्या हातची चेन

"चेन उतरली, बाबा," मुलगी म्हणाली आणि चढाच्या मधोमध सायकल आडवी करून खाली बसली.

मागून येणाऱ्या मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सायकल दुरुस्तीच्या धंद्यात त्यांची अडतीस वर्षं गेली होती. "माझ्या हातची चेन उतरली तर दुकानाला कुलूप लावीन," हे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत, त्याने विचारलेलं असो वा नसो. आणि ही चेन तर काल संध्याकाळी त्यांनी लेकीसाठी स्वतः बसवलेली. नवी कोरी, तेलाने माखलेली. त्या तेलाला नुसता हात लागला तरी दोन दिवस नखं काळी राहतात. मिस्त्रींची तर कायमचीच काळी होती. घरात त्यांचा साबणसुद्धा वेगळा ठेवलेला.

"सरक, बघू दे मला."

"नको. तुम्हीच शिकवलंय ना? मग करू द्या की मला. तुम्ही टेका त्या दगडावर."

मिस्त्री टेकले. नाइलाज होता. छातीचा भाता झाला होता आणि ऑपरेशन झालेला गुडघा ठणकत होता. खरं सांगायचं तर चेन उतरली नसती तर तेच उतरले असते.

मागच्या रविवारी ते या वाटेवर एकटेच आले होते. चार महिन्यांनी पहिल्यांदा. दुसऱ्या वळणावरच्या झाडापर्यंत गुडघ्याने साथ दिली, पुढे साफ नकार. पाव तास झाडाखाली बसून ते मुकाट्याने परतले. घरी लेक, जावई आणि नात आलेली होती. चहाचा पहिला घोट घेतला आणि कुणी काही विचारायच्या आत मिस्त्री बोलून गेले, "वर जाऊन आलो. टेकडी आहे तिथेच आहे."

फुशारकी अंगाशी आली. जावई लगेच म्हणाला, "वा, मग पुढच्या रविवारी सगळेच जाऊ." लेकीनेही ते ऐकलं. ती अंगणात त्यांची सायकल धूत होती.

म्हणून आज वर पोचणं भाग होतं. नाहीतर थाप उघडी पडणार, आणि मग सगळे मिळून प्रेमाने सांगणार, "आता पुरे झालं, बाबा." पुढे काय होतं ते मिस्त्रींना पाठ होतं. दुकानाच्या मागच्या भिंतीवर अशा तीन सायकली हुकाला टांगलेल्या होत्या. तिघांच्याही मालकांना घरच्यांनी प्रेमानेच सांगितलं होतं.

दुसरं वळण आलं. तेच झाड. गुडघ्याने पुन्हा मान टाकली आणि तेवढ्यात पुढून आवाज आला, "परत उतरली हो, बाबा."

वरच्या अंगाला नातीबरोबर थांबलेल्या जावयाने संधी सोडली नाही. "बाबा, चेन बसवली होती की नुसती टांगली होती?"

मिस्त्रींनी तो टोमणा गिळला. झाडाखाली बसून ते मनातल्या मनात कालचं काम पुन्हा करू लागले. कड्या मोजल्या होत्या. चाक मागे ओढलं होतं. नट आवळले होते. मग चुकलं कुठे? एकीकडे गुडघ्याला विसावा मिळत होता म्हणून बरं वाटत होतं आणि दुसरीकडे अडतीस वर्षांची अब्रू चालली होती. माणसाने नेमकं काय वाटून घ्यावं, तेच त्यांना कळेना.

शेवटच्या उभ्या चढाच्या तोंडाशी चेन तिसऱ्यांदा उतरली. आता मात्र फार झालं. मिस्त्रींनी सायकल झाडीला टेकवली आणि तरातरा, म्हणजे गुडघ्याला जमेल तितके तरातरा, ते लेकीजवळ गेले.

"ऊठ. आता मीच बघतो."

"आधी पाणी घ्या," ती म्हणाली आणि बाटली पुढे केली.

मिस्त्रींनी हात पुढे केला. तिच्या हाताकडे पाहिलं, मग चेनकडे, मग पुन्हा हाताकडे. मग ते तिथेच खाली बसले आणि तहान होती त्यापेक्षा दोन घोट जास्तच प्यायले.

"झाली का बसवून?" त्यांनी विचारलं.

"झालीच," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "दम खाऊन निघू."

पंधरा मिनिटांनी सगळे वर होते. गुडघा कुरकुरला, पण पोचला. नात आनंदाने घंटी वाजवत गोल गोल फिरत होती. मिस्त्रींनी आपल्या सायकलीकडे पाहिलं. चाकं लाल झाली होती. सगळ्यांचीच झाली होती. खालची वाट राखाडी खडीची, लाल माती फक्त इथे वर. मागच्या रविवारी लेकीने धुतलेल्या सायकलीला लाल मातीचा कणही नव्हता. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. आठवडाभर ती गप्प राहिली आणि आज बापाला टेकडीवर घेऊन आली.

अडतीस वर्षांत कुणाच्याही कामाचं त्यांना इतकं कौतुक वाटलं नव्हतं.

नात सायकल घेऊन जवळ आली. "आजोबा, तुमच्या हातची चेन कधीच उतरत नाही ना? मग आईची तीनदा कशी उतरली?"

जावई गालात हसत उत्तराची वाट पाहू लागला. लेकीचा चेहरा पडला. ती काही बोलणार, तोच मिस्त्री ताठ उभे राहिले आणि दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायच्या खणखणीत आवाजात म्हणाले, "माझंच चुकलं. सैल बसवली होती मी."

त्यांच्या तोंडून हे वाक्य आजवर कुणीही ऐकलं नव्हतं. लेकीने चमकून बापाकडे पाहिलं आणि दोन्ही हात पटकन पाठीमागे नेले. तीनदा चेन बसवूनही त्या हातांना तेलाचा एक ठिपकासुद्धा लागलेला नव्हता.