वळचणीखाली

दात न फुटलेलं मूल चितेवर ठेवत नाहीत. घराच्या वळचणीखाली पुरतात.

कास्पेरिउस घराण्यात मुलाचं नाव ठेवलं की त्याच्या गळ्यात करंगळीएवढी सोन्याची तलवार घालतात. तिच्यावर बापाचं नाव कोरलेलं असतं.

एका मुलाची पाळलेली चिमणी मेली आणि तो तीन दिवस कुणाशी बोलला नाही.

रोमहून आलेला कारकून ट्रोफिमस मेणाची पाटी मांडीवर घेऊन बसला होता. समोर म्हातारी फिलेटे, सम्राटाची दाई. सम्राट जिथे जन्मला ते हे मळ्यातलं घर पाडून इथं देऊळ उठणार होतं, आणि देवळाच्या भिंतीवर त्याचं बालपण कोरलं जाणार होतं.

"शकुन सांग, आजी. गरुड, वीज, काहीही. रोमला साधं मूल चालत नाही."

"गरुड नव्हते बाबा. बदकं होती. एक त्याला चावलं."

त्याने बदक लिहिलं नाही.

मग तिने हकिगत सांगितली. मालकीण बाळंतपणातच गेली, मालक सरहद्दीवर. फिलेटेचं पोर त्याच आठवड्यातलं. दोघांना तिनेच पाजलं. तिसऱ्या महिन्यात तापाची साथ आली आणि एकच पोर उरलं. मालक घरी आला तेव्हा ते अंगणात पळत होतं.

"आणि दुसरं?"

तिने वळचणीकडे बोट केलं.

सम्राटही कास्पेरिउस घराण्यातला; त्याच्या गळ्यातली ती सोन्याची तलवार ट्रोफिमसला देवळात ठेवायची होती. ती आंघोळ घालताना नदीत गेली, फिलेटे म्हणाली. तिचं मागणं एकच होतं: वळचणीखाली खणू नका. कारकून वाईट माणूस नव्हता, पण पाया तिथूनच जाणार होता. दासीच्या पोरासाठी सम्राटाचं देऊळ सरकत नसतं, असं त्याने तिला समजावलं. उद्या सकाळी कुदळी येणार होत्या.

सातव्या वर्षापर्यंत पोरगा तिला मम्मा म्हणायचा, सगळ्या दायांना म्हणतात तसं. ती चिमणी मेली, आणि चौथ्या दिवशी तो म्हणाला, "फिलेटे, पाणी दे." मोठा झाला, मालक झाला, अशी तिने मनाची समजूत घातली. पण त्यानंतर तो घरात पाहुण्यासारखा राहू लागला. जेवायला शेवटी बसे. धडे दुप्पट करी. सोळाव्या वर्षी त्याने बापाकडे सगळ्यात वाईट सरहद्द मागून घेतली आणि शिपायांबरोबर चिखलात झोपला. त्याच शिपायांनी पुढे त्याला सम्राट केलं.

सकाळी कुदळींच्या आधी सम्राट स्वतःच आला. पाया आखायची दोरी बांधली होती तिथे उभा राहिला. दोरी वळचणीखालून गेली होती. त्याने ती सोडून गुंडाळली आणि ट्रोफिमसच्या हातात दिली.

"देऊळ रोममध्ये बांधा. इथं कुदळ लागायची नाही."

ट्रोफिमसने मान खाली घातली. सम्राट फिलेटेजवळ आला.

"फिलेटे, तुझ्या मुलाचं नाव काय होतं?"

चाळीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"हिलारुस," ती म्हणाली. "सारखा हसायचा म्हणून."

त्याचे ओठ एकदा हलले, आवाज न करता. मग तो घोड्यावर बसला.

धूळ खाली बसेपर्यंत ती दारात उभी होती. त्याला काही ठाऊक नव्हतं, कधी होणारही नव्हतं. हेच बरं, असं म्हणत ती रडली.

चिमणी पुरायला त्याने वळचणीखालीच खणलं होतं. मातीतून करंगळीएवढी सोन्याची तलवार निघाली, तिच्या खाली लहान हाडं. तलवार त्याने चिमणीबरोबर परत पुरली. त्याच महिन्यात तो वाचायला शिकला होता.