पाय दाबताक्षणी

मलेशियातल्या इपोह शहरातल्या गॅरेजात नोरलिडाने आपली छोटी गाडी उभी केली आणि विचारलं, "इंजिनाची ताकद वाढवायला टर्बो बसवू की सुपरचार्जर?"

मेकॅनिक केओंग हसला. "शर्यतीत उतरताय की काय, ताई? टर्बोच घ्या. पेट्रोल कमी खातो. पाय दाबल्यावर जरा दम घेतो, पण मग मागून असा ढकलतो की विचारू नका. सुपरचार्जर पेट्रोल पितो. हां, त्यात पाय दाबताक्षणी गाडी उसळते."

"दम घेतो म्हणजे किती?"

"एखादा श्वास. गावातल्या गावात काय फरक पडतो?"

"पडतो. परवा सिग्नलला माझा आधीचा नवरा गाडीतून उतरून माझ्या दाराशी आला. मागे लेक झोपली होती. मी पाय दाबला, पण गाडीने वेग घेईपर्यंत तो दार ओढत सोबत धावत होता. सुपरचार्जरच बसवा."

केओंगचं हसू मावळलं. तो म्हणाला, "बसवतो. पण गाडी चार दिवस इथे ठेवावी लागेल."

किल्ली द्यायला पुढे आलेला नोरलिडाचा हात तिथेच थांबला.